जमीन मोजणी: शंकू-साखळीपासून रोव्हरपर्यंत, वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शेतकरी, प्लॉटधारक आणि गावाकडची जमीन शहरातून सांभाळणारे लोक जे प्रश्न नेहमी विचारतात, ते इथे एकत्र केले आहेत. उत्तरं महाराष्ट्रातल्या पद्धतीला धरून आहेत, गोव्याबद्दल एक प्रश्न वेगळा आहे. मोजणीचं शुल्क आणि मुदती सरकार अधूनमधून बदलतं, त्यामुळे त्यांचे आकडे दिलेले नाहीत. अर्ज भरताना ई-मोजणी या सरकारी संकेतस्थळावर जो आकडा दिसेल तोच धरायचा.

मोजणीला आलेला माणूस नेमकं काय मोजतो?

बहुतेकांची समजूत अशी की भूकरमापक येणार, यंत्र लावणार आणि जमीन किती भरते ते सांगणार. हद्द कायम मोजणीत, म्हणजे हद्द नक्की करून घ्यायच्या मोजणीत, काम जवळपास उलट चालतं. तुमची जमीन एकदा मोजून झालेली आहे, कदाचित पणजोबांच्याही आधी. त्या मोजणीचं टिपण (शेतात घेतलेल्या मापांची नोंद), गटाचा किंवा सर्व्हे नंबरचा नकाशा आणि पुढे पडलेल्या पोटहिश्श्यांची फाळणी (हिश्श्यांच्या हद्दींचा नकाशा) असं सगळं भूमी अभिलेख कार्यालयात असतं. भूकरमापकाचं काम ती जुनी हद्द जमिनीवर पुन्हा उभी करायचं. आज बांध कुठे आहे हे तो मोजतो, जुन्या नकाशावर ते बसवून बघतो, आणि अभिलेखाप्रमाणे हद्द कुठून जायला हवी ते दाखवतो.

हे एकदा ध्यानात आलं की पुढचे अर्धे प्रश्न आपोआप सुटतात. यंत्र कितीही भारी असलं तरी हद्द यंत्र ठरवत नाही.

ही जुनी मोजणी केली कोणी?

जमीन मोजून सारा ठरवणं इंग्रजांनी आणलेलं नाही. मलिक अंबरची जमीन पाहणी प्रसिद्ध आहे. शिवाजी महाराजांच्या काळात अण्णाजी दत्तोंच्या देखरेखीखाली मोजणी झाली. तेव्हाचं माप काठीचं होतं: पाच हात पाच मुठी म्हणजे एक काठी, वीस काठ्या औरस-चौरस म्हणजे बिघा आणि एकशेवीस बिघ्यांचा एक चावर.

आज आपल्या हातात जो अभिलेख आहे त्याची मुळं मात्र एकोणिसाव्या शतकातल्या मुंबई इलाख्यात आहेत. प्रिंगल या अधिकाऱ्याने केलेली आधीची आकारणी फसली. त्यानंतर गोल्डस्मिड आणि विंगेट या इंग्रज अधिकाऱ्यांनी इंदापूर तालुक्यातून नव्याने सुरुवात केली आणि १८३६ मध्ये तिथला सारा तीस वर्षांसाठी ठरवला. शेताचा प्रत्येक तुकडा मोजायचा, त्याला नंबर द्यायचा, हद्दीवर दगड रोवायचे आणि मातीचा कस बघून आकार, म्हणजे सारा, बसवायचा, ही घडी तिथे बसली. १८४७ च्या संयुक्त अहवालात तिचे नियम पक्के झाले. पुढे १९४७ च्या तुकडेबंदी व एकत्रीकरण कायद्यानंतर बऱ्याच गावांत एकत्रीकरण योजना राबवली गेली आणि सर्व्हे नंबरच्या जागी गट नंबर आले. म्हणून आजोबा "सर्व्हे नंबर" म्हणतात आणि तुमच्या सातबाऱ्यावर गट नंबर असतो. जुना वाद उकरायचा असेल तर दोन्ही नंबरांचं कोष्टक हाताशी हवं, नाहीतर तुम्ही भलत्याच जमिनीचे कागद काढून बसाल.

शंकू-साखळीची मोजणी कशी होती? ती टाकाऊ समजायची का?

अजिबात नाही. साधनं मोजकी होती, पण डोकं लावून वापरलेली होती.

साखळी ३३ फुटांची. तिचे १६ भाग, प्रत्येक भागाला आणा म्हणायचं. म्हणजे लांबीचा एक आणा २ फूट पाऊण इंच. शेताच्या आरपार एक सरळ पाया रेषा धरायची आणि तिच्यावरून साखळी टाकत जायचं. वाटेत बांधाचा कोपरा किंवा वळण जिथे काटकोनात येईल तिथे शंकू उभा करायचा. शंकू म्हणजे काठीवर बसवलेला, एकमेकींना काटकोनात दोन फटी असलेला माथा. एका फटीतून पाया रेषा दिसायची आणि दुसरीतून कोपरा दिसला की जागा बरोबर. तिथून कोपऱ्यापर्यंतचं अंतर मोजायचं. हे सगळं टिपणात उतरायचं: पाया रेषेवर किती साखळी किती आण्यांवर शंकू लावला, डावीकडे किती, उजवीकडे किती. टिपणातलं चित्र प्रमाणात नसतं, त्यामुळे त्यावर फूटपट्टी लावू नका. त्यातले आकडे खरे.

असं मोजलं की कितीही वेड्यावाकड्या शेताचे त्रिकोण आणि समलंब चौकोन पडतात. त्यांची क्षेत्रफळं गुणाकार बुकात, म्हणजे क्षेत्राच्या हिशेबाच्या वहीत, काढून बेरीज मारायची.

उणीव साखळीतच होती. वापरून कड्या ताणल्या की ती लांब व्हायची आणि लांब साखळीने मोजलेलं शेत कागदावर लहान दिसायचं. ३३ फुटांच्या साखळीत २ इंच वाढ झाली तर लांबीत अर्धा टक्का आणि क्षेत्रात साधारण एक टक्का फरक पडतो. चार एकराच्या शेतात हा दीड गुंठ्याहून जास्त होतो. म्हणूनच साखळी वेळोवेळी प्रमाणित मापाला लावून तपासायची पद्धत होती.

गुंठा, आर, आणा यांचा हिशेब एकदा नीट सांगाल का?

साखळी कळली की गुंठा कळतो. ३३ फूट बाय ३३ फूट, म्हणजे एक साखळी औरस-चौरस, म्हणजे १०८९ चौरस फूट: हा एक गुंठा. चाळीस गुंठ्यांचा एकर, ४३,५६० चौरस फूट. क्षेत्राचा आणा म्हणजे गुंठ्याचा सोळावा भाग, साधारण ६८ चौरस फूट. आणा लांबीचाही असतो आणि क्षेत्राचाही, जुना कागद वाचताना हे सांभाळा.

आर हे दशमान माप, १०० चौरस मीटरचं. गुंठा १०१.१७ चौरस मीटरचा. दोन्ही इतके जवळ आहेत की बोलताना लोक एकच धरतात, आणि दोन-चार गुंठ्यांत काही बिघडत नाही. पण १०० आर म्हणजे एक हेक्टर आणि हेक्टरात १०० नव्हे, ९८.८४ गुंठे येतात. सातबाऱ्यावर १.२०.०० लिहिलेलं असेल तर ते एक हेक्टर वीस आर, म्हणजे १२,००० चौरस मीटर. एकरात ते २ एकर ३८ गुंठे आणि वर अर्ध्याहून थोडं अधिक होतं. खरेदीखत गुंठ्यात आणि सातबारा आरात असेल तर तुलना करण्याआधी दोन्ही चौरस मीटरमध्ये आणा.

चार बाजू टेपने मोजल्या, समोरासमोरच्या बाजूंची सरासरी काढून गुणाकार केला. चालेल ना?

खरेदी-विक्रीत सर्वांत जास्त फसगत याच हिशेबाने होते, म्हणून थोडं सविस्तर.

चारही बाजू ६० मीटर असलेली जमीन घ्या. कोपरे काटकोनात असतील तर क्षेत्र ३६०० चौरस मीटर, म्हणजे साधारण ३५.६ गुंठे. आता तीच चौकट एका बाजूला तिरकी झाली आहे असं समजा, इतकी की एक कर्ण नेमका ६० मीटर भरतो. बाजू एक इंचही बदललेल्या नाहीत. क्षेत्र मात्र ३११८ चौरस मीटर, म्हणजे ३०.८ गुंठे. पावणेपाच गुंठे हवेत गेले, आणि सरासरीचा गुणाकार दोन्ही वेळा ३६०० च सांगतो.

उपाय सोपा: एक कर्ण मोजा. चौकोनाचे दोन त्रिकोण होतात आणि तीन बाजू माहीत असलेल्या त्रिकोणाचं क्षेत्र पक्कं निघतं. तिन्ही बाजूंची बेरीज करून निम्मी करा, त्या निम्म्यातून प्रत्येक बाजू वेगवेगळी वजा करा, आलेल्या तीन संख्या आणि ती निम्मी असा चौघांचा गुणाकार करून वर्गमूळ काढा. मोबाईलच्या कॅल्क्युलेटरवर दोन मिनिटांचं काम. पाच-सहा कोपऱ्यांचं शेत असेल तर एका कोपऱ्यातून बाकीच्या कोपऱ्यांकडे रेषा काढून जास्त त्रिकोण पाडा. बांध आत वळलेला असेल तर त्रिकोण शेताबाहेर जाऊ देऊ नका.

दुसरा कर्णही मोजून ठेवा. चार बाजू आणि पहिला कर्ण धरून कागदावर प्रमाणात आकृती काढली की दुसरा कर्ण किती यायला हवा ते दिसतं. तो जुळला नाही तर कुठलं तरी माप चुकलं आहे.

मोबाईलमधलं ॲप घेऊन बांधाने चाललं की क्षेत्र येतं. ते खरं धरायचं का?

ट्रॅक्टरची नांगरट किंवा फवारणीचा अंदाज घ्यायला झकास. हद्दीसाठी नाही. मोकळ्या आभाळाखालीही साध्या फोनचं स्थान काही मीटर इकडेतिकडे असतं, झाडाखाली आणखी जास्त. एक एकर चौरस जमिनीची बाजू ६३.६ मीटर, घेर २५४ मीटर. चारही बाजूंना हद्द फक्त एक मीटर बाहेर धरली गेली तर अडीच गुंठे वाढतात. ॲपवर मोजून शेजाऱ्याच्या दारात भांडायला जाणाऱ्यांनी एवढं गणित करून जावं.

उपग्रह चित्रावर गट नकाशाच्या रेषा बसवून दाखवणारी संकेतस्थळं आणि ॲप यांचंही तसंच. गट कुठे आहे, रस्ता कुठून जातो हे कळायला छान. पण रेषा चित्रावर बसवतानाच सरकलेली असू शकते. त्यात तुमच्या विहिरीतून हद्द जाताना दिसली तर लगेच घाबरू नका.

प्लेन टेबल, ईटीएस आणि रोव्हर यांत फरक काय? मोजणी कशाने करून घ्यावी?

प्लेन टेबल, म्हणजे फलक यंत्र, तिवईवर ठेवलेला सपाट पाट. त्यावर कागद, दुर्बीण किंवा पाहण्याची पट्टी, आणि शेतात उभं राहूनच नकाशा काढायचा. गंमत अशी की नकाशा डोळ्यांसमोर तयार होतो, त्यामुळे काही राहून गेलं तर तिथेच कळतं. तोटा असा की चूकही पेन्सिलीच्या जाडीएवढी. १:१००० प्रमाणाच्या नकाशावर पाव मिलिमीटरची रेघ जमिनीवर २५ सेंटीमीटर खाते. पावसात आणि जोराच्या वाऱ्यात काम बंद. महाराष्ट्रात अनेक वर्षं हेच मुख्य साधन होतं आणि कित्येक गटांचे नकाशे त्यावरच झालेले आहेत.

ईटीएस, म्हणजे इलेक्ट्रॉनिक टोटल स्टेशन, कोन आणि अंतर एकाच वेळी मोजतं. यंत्रातून निघालेला किरण समोरच्या काठीवरच्या प्रिझमवर आपटून परत येतो आणि त्यावरून अंतर निघतं, मिलिमीटरांच्या हिशेबात. त्याची अट एकच: यंत्राला प्रिझम दिसलं पाहिजे. डोक्याएवढा ऊस उभा असेल तर सगळ्यात महाग ईटीएसही आंधळं.

रोव्हर उपग्रहांवरून स्थान घेतं. उपग्रहाच्या संदेशात हवेमुळे आणि इतर कारणांनी येणारी चूक काढायला जवळच्या पक्क्या केंद्राची मदत लागते. त्यासाठी राज्यात भारतीय सर्वेक्षण विभागाने ७७ कॉर्स केंद्रं उभी केली आहेत. ही केंद्रं अखंड चालू असतात आणि दुरुस्तीचे आकडे इंटरनेटवरून रोव्हरला पोचवतात. मग काही सेकंदांत दोन-तीन सेंटीमीटरांच्या आतबाहेर स्थान मिळतं. दोन बिंदू एकमेकांना दिसण्याची गरज नाही, माणसं कमी लागतात, आणि साखळीने दिवस खाणारं शेत एका सकाळीत उरकतं. मात्र आंब्याच्या दाट बागेत, माडांखाली, उंच इमारतींच्या खेटून किंवा जिथे मोबाईलला रेंज नाही अशा दरीत रोव्हर रखडतं. तिथे मोकळ्या जागेत रोव्हरने दोन-तीन पक्के बिंदू घ्यायचे आणि आतलं काम ईटीएसने करायचं, हा शहाणा मार्ग.

तुम्हाला निवड सहसा मिळत नाही. कार्यालयाकडे असेल त्या साधनाने मोजणी होते, आणि आता ते बहुतेक रोव्हर असतं. माझं मत विचाराल तर साधनापेक्षा भूकरमापकाने सोबत टिपण आणलंय का आणि जुने दगड शोधलेत का, याकडे लक्ष द्या.

रोव्हर सेंटीमीटरपर्यंत मोजतं, मग हद्दीवरून वाद संपायला हवेत. तसं का होत नाही?

कारण ज्या अभिलेखाशी जुळवायचं आहे तो आण्यांत लिहिलेला आहे. आजचा बांधाचा कोपरा दोन सेंटीमीटरपर्यंत कळला, तरी जुनं माप त्या कोपऱ्याला फूट-दोन फुटांपेक्षा बारीक सांगत नाही. त्यातून जुना नकाशा आखडलेला, घडीवर फाटलेला, पुन्हा ट्रेस केलेला असू शकतो. नवीन मोजणी त्यावर बसवताना भूकरमापकाला ठरवावं लागतं की कोणत्या खुणा विश्वासाच्या: गावाच्या शिवेवरचा दगड, तीन गावांच्या हद्दी मिळतात तिथली निशाणी, जुनी बांधीव विहीर, कधीच न हललेला ओढ्याकाठचा बांध. अशा खुणा चांगल्या मिळाल्या तर हद्द नेमकी निघते. नाही मिळाल्या तर दोन प्रामाणिक भूकरमापकांची रेषाही हातभर वेगळी पडू शकते.

रोव्हरचा खरा फायदा पुढच्या पिढीला होणार आहे. एकदा हद्दीच्या कोपऱ्यांचे अक्षांश-रेखांश नोंदले गेले की उद्या दगड वाहून गेला किंवा कोणी उपटला तरी तो बिंदू त्याच जागी पुन्हा काढता येतो.

मोजणी माझ्या गटाची, आणि साहेब शेजारच्या चार शेतांत फिरत होते. हे काय?

हेच बरोबर काम. फक्त तुमच्या बांधाच्या आत मोजून तुमची हद्द सापडत नाही, कारण बांध सरकलाय का हाच तर प्रश्न आहे. आजूबाजूचे पक्के बिंदू धरल्याशिवाय नकाशा बसत नाही. जो भूकरमापक शेजारी पाय न टाकता अर्ध्या तासात खुणा दाखवून जातो, त्याच्या मोजणीची मला जास्त काळजी वाटते.

सातबाऱ्यावर ८० आर आहेत, मोजणीत ७६ भरले. चार आर कुठे गेले?

चार ठिकाणी शोधा. पहिलं, शेजाऱ्याच्या ताब्यात: म्हणजे नकाशाप्रमाणे क्षेत्र पूर्ण आहे, पण वहिवाटीत कमी. हे अतिक्रमण. दुसरं, रस्ता, कालवा किंवा ओढ्यात: भूसंपादन झालं पण कमी-जास्त पत्रक (क्षेत्रातला बदल नोंदवणारा कागद) होऊन सातबाऱ्यावर क्षेत्र घटवलंच गेलं नाही, असं खूप आढळतं. तिसरं, जुन्या वाटणीत किंवा विक्रीत: वडिलांनी भावाला तोंडी दिलेली पट्टी नोंदीत आली नाही. चौथं, कागदातच: एकरी मापाचं दशमानात रूपांतर करताना, एकत्रीकरणात किंवा संगणकीकरणात आकडा चुकला. यासाठी आकारबंद (भूमी अभिलेखातली क्षेत्र आणि आकाराची नोंद) आणि सातबारा यांचं क्षेत्र शेजारी ठेवून बघा. ते एकमेकांशी जुळत नसेल तर मोजणीच्या आधी दुरुस्तीचा अर्ज.

सातबाऱ्यावरचं क्षेत्र हद्दीचा पुरावा नाही, हे अनेकांना कडू लागतं. "माझे ऐंशी आर भरून द्या" असं भूकरमापकाला सांगून उपयोग नसतो. नकाशावरची हद्द जिथे पडते तिथे पडते.

हद्द कायम, पोटहिस्सा, बिनशेती: अर्जात कोणता प्रकार लिहू?

शेजाऱ्याशी बांधाचा प्रश्न असेल किंवा कुंपण घालायचं असेल तर हद्द कायम. भावाभावांत वाटप करून नकाशावर वेगळे तुकडे पाडायचे असतील तर पोटहिस्सा, त्याला सगळ्या सहधारकांची संमती लागते. प्लॉट पाडायचे असतील तर बिनशेती. रस्ता, धरण, रेल्वे यांसाठी जमीन जात असेल तर भूसंपादनाची संयुक्त मोजणी होते आणि ती सरकारी यंत्रणाच लावते. त्या दिवशी तुम्ही शेतात हजर राहून झाडं, विहीर, पाइपलाइन आणि गोठा यांची नोंद करून घ्या, कारण मोबदला त्या नोंदीवर ठरतो. दावा कोर्टात असेल तर कोर्ट दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश २६ नुसार कमिशन नेमून मोजणी मागवू शकतं.

अर्ज तालुक्याच्या उपअधीक्षक, भूमी अभिलेख कार्यालयाकडे. ताजा सातबारा, जमिनीचा कच्चा नकाशा, लगतच्या सगळ्या धारकांची नावं-पत्ते आणि शुल्क भरल्याचं चलन. लगतधारकांची यादी घाईत भरू नका. एक नाव राहिलं की तोच माणूस नंतर "मला नोटीसच नाही" म्हणतो आणि सगळं पुन्हा.

मोजणीच्या दिवशी काय तयारी ठेवावी?

पीक उभं नसेल अशीच तारीख पाहावी, रब्बी निघाल्यावर ते पेरणीआधी हा काळ उत्तम. बांधावरची घाणेरी आणि काटेरी झुडपं तोडून ठेवा. हद्दीचे दगड, खुंट्या, चुना, पहार आणि दोन धडधाकट माणसं. जुना मोजणी नकाशा, फाळणी, खरेदीखत यांच्या प्रती. शेजाऱ्यांना नोटीस जातेच, तरी आदल्या दिवशी स्वतः जाऊन सांगा. निम्मी भांडणं इथेच टळतात. मारामारीची शक्यता असेल तर आधी अर्ज करून पोलीस बंदोबस्त मागता येतो.

दाखवलेल्या खुणांवर त्याच दिवशी दगड रोवा. चुन्याची रेघ पहिल्या पावसापर्यंतची.

शेजारी आला नाही, आला तर सही केली नाही. मोजणी रद्द होते का?

नोटीस रीतसर पोचलेली असेल तर नाही. गैरहजेरीची, सही नाकारल्याची नोंद होते आणि काम पुढे चालतं. हरकत असेल तर त्याने ती लेखी द्यायची असते. शेतात प्रत्यक्ष अडवणूक झाली तर मात्र भूकरमापक पंचनामा करून परत जाऊ शकतो.

क प्रत कशी वाचायची?

मोजणीनंतर जो प्रमाणित नकाशा अर्जदाराला मिळतो त्याला क प्रत म्हणतात. त्यावर दोन रेषा शोधा: एक अभिलेखाप्रमाणे हद्द, दुसरी सध्याची वहिवाट. दोन्ही एकावर एक असतील तर प्रश्न मिटला. मधे पट्टी सुटलेली असेल तर ती कोणाकडे आणि किती, हे टीपेत लिहिलेलं असतं. टीप वाचल्याशिवाय वकिलाकडे धावू नका, कित्येकदा वाद ज्या बाजूचा म्हणून सुरू झाला त्या बाजूला काहीच नसतं आणि अतिक्रमण दुसऱ्याच बांधावर निघतं. क्वचित अर्जदाराचंच.

मोजणी मान्य नसेल तर?

त्याच कार्यालयात निमताना मोजणीचा, म्हणजे फेरतपासणीच्या मोजणीचा, अर्ज करता येतो. ती वरच्या दर्जाचा अधिकारी करतो. तिच्यावरही आक्षेप असेल तर जिल्हा अधीक्षकांच्या पातळीवर सुपर निमताना होते. "मला पटलं नाही" एवढं कारण पुरत नाही. कोणती खूण चुकीची धरली, कोणतं टिपण वापरलं नाही, कोणत्या लगतधारकाला नोटीस नव्हती, असा मुद्दा मांडा.

अतिक्रमण निघालं. आता ताबा मोजणीवालेच देतील ना?

नाही. भूकरमापक हद्द दाखवतो. ताबा काढून दुसऱ्याला द्यायचा अधिकार त्याला नाही, मालकी ठरवायचाही नाही. समजुतीने सुटलं तर सोन्याहून पिवळं. नाहीतर दिवाणी न्यायालय, किंवा महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या नवव्या प्रकरणातल्या तरतुदींनुसार महसूल अधिकाऱ्यांकडे हद्दनिश्चितीचं प्रकरण. शेजारी कित्येक वर्षं ती पट्टी कसतोय असं म्हणत असेल तर कोर्टात मुदतीचा प्रश्न येतो, तेव्हा क प्रत कपाटात ठेवून वाट बघत बसू नका.

हद्दीचा दगड कोणी उपटला तर?

हद्दीच्या खुणा सांभाळणं धारकाची जबाबदारी आहे आणि त्या मुद्दाम बिघडवणाऱ्याला दंडाची तरतूद त्याच संहितेत आहे. तलाठ्याकडे (आता ग्राम महसूल अधिकारी) लेखी तक्रार द्या. फोटो काढताना मागे विहीर, झाड असं काही ओळखीचं येऊ द्या.

आमची जमीन डोंगरउतारावर आहे. टेपने जास्त भरते, मोजणीत कमी. फसवणूक आहे का?

नाही, सगळीकडे क्षेत्र आडव्या पातळीवर धरतात. टेप उतारावरून ओढला की लांबी फुगते. १० अंशांच्या उतारावर १०० मीटर टेप म्हणजे आडवे ९८.५ मीटर, २० अंशांवर ९४. कोकणात आणि सह्याद्रीच्या कडेला हा फरक डोळ्यांत भरतो. हाताने मोजायचं असेल तर टेप आडवा ताणून, ओळंबा सोडून, पायऱ्या-पायऱ्यांनी मोजा. ईटीएस आणि रोव्हर हा हिशेब स्वतः करतात.

ड्रोनने शेत मोजून मिळेल का?

स्वामित्व योजनेचा ड्रोन गावठाणासाठी आहे, शेतीसाठी नाही. गावठाणातल्या घरांना पूर्वी बहुतेक ठिकाणी नकाशाच नव्हता. ग्रामपंचायतीचा नमुना ८ हा कराचा कागद, मालकीचा नव्हे. महाराष्ट्राने पुरंदर तालुक्यातल्या सोनोरी गावात ड्रोनचा प्रयोग आधी करून पाहिला होता. देशपातळीवर स्वामित्व २४ एप्रिल २०२० ला जाहीर झाली. उड्डाणाआधी प्रत्येक मिळकतीची हद्द चुन्याने आखतात, वरून एकमेकांवर चढणारे फोटो घेतात, जमिनीवरच्या पक्क्या बिंदूंशी ते जुळवतात आणि त्यातून नकाशा व मिळकत पत्रिका तयार होते.

ड्रोनला वरून छप्पर दिसतं, भिंत दिसत नाही. पागोळीची जागा कोणाची, हा गावठाणातला पिढीजात वाद त्यामुळे चुना टाकतानाच मिटवावा लागतो. चुना पडत असताना घरी कोणी नव्हतं, अशी तक्रार नंतर फार कामाची नाही.

पाणंद नकाशावर आहे, जमिनीवर नाही. काय करावं?

गाव नकाशात गाडीरस्ते दुहेरी तुटक रेषांनी आणि पायवाटा एकेरी तुटक रेषेने दाखवलेल्या असतात. रस्ता नकाशावर असेल तर तहसीलदारांकडे तो मोकळा करण्याची मागणी करा आणि मोजणी त्यांच्यामार्फत होऊ द्या. नकाशावर नसेल आणि बांधावरून नवा हवा असेल तर जमीन महसूल संहितेचं कलम १४३. चालू वापरातला रस्ता कोणी अडवला असेल तर मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ चं कलम ५. तिन्ही अर्ज वेगळे आहेत, भलत्या कलमाखाली केला की वर्ष वाया.

समपातळी चर, बांधबंदिस्ती, शेततळं यांसाठी कोणती मोजणी लागते?

हद्दीची नाही, पातळीची. त्यासाठी ऑटो लेव्हल किंवा जुनं डंपी लेव्हल आणि उभी मोजपट्टी. यंत्रातून दिसणारी रेषा आडवी असते, पट्टीवर ती कुठे पडते यावरून दोन जागांच्या उंचीतला फरक निघतो. गावकऱ्यांना चर आखायला एवढंही लागत नाही. दोन बांबू, आडवी पट्टी आणि ओळंबा यांची ए-फ्रेम करा, ओळंबा मधल्या खुणेवर आला की दोन्ही पाय एकाच पातळीत. टेकडीवरून तिला चालवत नेलं की समपातळी रेषा आखली जाते. वापरण्याआधी पाय उलटसुलट करून मधली खूण तपासा, नाहीतर अख्खा चर एका बाजूला उतरेल आणि पाणी तिथे फोडून निघेल.

थिओडोलाइट आता कोणी वापरतं का? आणि कंपास?

थिओडोलाइट कोन मोजायचं यंत्र. टोटल स्टेशनने त्याची जागा घेतली, तरी अभियांत्रिकी महाविद्यालयांत ते शिकवतात आणि शिकवावंच. विल्यम लॅम्टनने १८०२ मध्ये मद्रासजवळ पाया रेषा मोजून भारताची त्रिकोणमितीय मोजणी सुरू केली ती साखळी आणि सुमारे अर्धा टन वजनाच्या थिओडोलाइटच्या जोरावर. ती मोजणी उत्तरेकडे सरकत असताना १८२३ मध्ये तो वारला, आपल्या वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाटला. त्याची कबर तिथेच आहे.

कंपासने हद्द मोजत नाहीत. पण किल्ल्याची तटबंदी, जंगलवाट, लेण्यांचा कच्चा आराखडा काढायला तो अजून हलका आणि पुरेसा आहे. जवळ तोफ, लोखंडी कुंपण किंवा विजेची तार असेल तर सुई फसवते, तेव्हा प्रत्येक रेषेची दिशा दोन्ही टोकांवरून घ्या.

गोव्यात हेच नियम लागू आहेत का?

नाही. तिथे १९६८ ची गोव्याची स्वतंत्र जमीन महसूल संहिता आहे, सातबाऱ्याच्या जागी एक-चौदाचा उतारा, आणि मोजणी भूमापन व भूमी अभिलेख संचालनालयाकडे. गुंठ्यापेक्षा चौरस मीटर जास्त चालतो. पोर्तुगीज काळातले दस्त आणि आजचा सर्व्हे नंबर जुळवायचा असेल तर तिथल्याच जाणत्या वकिलाकडून काम करून घ्या.

मी परदेशात असतो. मोजणीला यायलाच हवं का?

नको, अधिकृत मुखत्यार चालतो. कुलमुखत्यारपत्रात मोजणीसाठी अर्ज करणं, हजर राहणं, सही करणं आणि हरकत घेणं हे अधिकार स्पष्ट लिहा. आणि शेत ज्याला बांधासकट पाठ आहे असा माणूस पाठवा. चुलतभाऊ चालेल, पण तो लगतधारकच असेल तर दुसरा कोणीतरी बघा.